सँटोरिनीचे 'कानावे' : राखेत कोरलेली द्राक्षघरे

एजियन समुद्रातील सँटोरिनी हे ग्रीक बेट जगाला ठाऊक आहे ते पांढऱ्याशुभ्र घरांमुळे, निळ्या घुमटांमुळे आणि कड्यावरून दिसणाऱ्या सूर्यास्तामुळे. दिनदर्शिका, पर्यटन कंपन्यांची माहितीपत्रके आणि चित्रपटांतील गाणी यांनी हे चित्र इतके परिचित केले आहे, की या बेटाला त्याखेरीज आणखी काही ओळख असेल, असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात पर्यटक येऊ लागण्यापूर्वी कित्येक शतके हे बेट जगत होते ते द्राक्षांवर. आणि त्या जगण्याचे केंद्र होते 'कानावा' या नावाने ओळखली जाणारी, जमिनीच्या पोटात कोरलेली एक साधी, अनलंकृत वास्तू.

कानावा म्हणजे द्राक्षे आणून टाकण्याची, ती तुडवण्याची, रस आंबवण्याची आणि तयार झालेली वाइन साठवण्याची जागा. ही सारी कामे एकाच छताखाली होत असल्याने तिला केवळ तळघर किंवा केवळ कोठार म्हणणे अपुरे ठरते. आपल्याकडील पेव जसे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणले जाई, तसाच हा प्रकार. मात्र पेवात धान्य नुसते राहते, तर कानाव्यात द्राक्षाचे रूपांतर होते. हा शब्दही मूळचा ग्रीक नव्हे. व्हेनिसच्या बोलीत तळघराला 'कानेवा' म्हणतात. तेराव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावानंतर एजियनमधील अनेक बेटे व्हेनिशियन सरदारांच्या ताब्यात गेली, त्यांत सँटोरिनीही होते. पुढे सोळाव्या शतकात ऑटोमन तुर्कांची सत्ता आली, १८३० नंतर हे बेट स्वतंत्र ग्रीसचा भाग झाले. परंतु व्हेनिशियनांनी दिलेला शब्द मात्र टिकून राहिला. द्राक्षतोडणीच्या हंगामाला बेटावर 'वेन्देमा' म्हणतात, तोही इटालियन भाषेचाच वारसा होय.

राखेचे वरदान

कानाव्याची रचना समजून घ्यायची तर आधी बेटाची माती समजून घ्यावी लागते. इसवी सनपूर्व १६०० च्या सुमारास येथे ज्वालामुखीचा महास्फोट झाला. बेटाचा मधला भाग कोसळून तेथे समुद्र शिरला आणि आज दिसणारे प्रचंड विवर व त्याभोवतीचे उभे कडे तयार झाले. उरलेल्या भूभागावर राख आणि प्यूमिस म्हणजे सच्छिद्र, वजनाला हलका असा ज्वालामुखीय दगड यांचा जाड थर पसरला. या थराखाली गाडले गेलेले आक्रोतिरी हे कांस्ययुगीन नगर स्पिरिडॉन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाने १९६७ पासून उत्खनन करून उजेडात आणले. ज्या राखेने एक संपूर्ण संस्कृती झाकून टाकली, त्याच राखेने पुढील काळात येथे येऊन वसलेल्या माणसांना घर दिले आणि द्राक्षमळेही दिले.

या घट्ट बसलेल्या राखेला स्थानिक लोक 'आस्पा' म्हणतात. कुदळीने ती सहज खणता येते. पण उभी कापली तरी ढासळत नाही. छिन्नी-हातोड्याची पराकाष्ठा न करता केवळ साध्या अवजारांनी तीत लांबच लांब दालने कोरता येतात. बेटावर झाडे जवळपास नाहीतच. त्यामुळे तुळया, वासे, फळ्या यांसाठी लागणारे लाकूड बाहेरून आणावे लागे व ते महाग पडे. अशा ठिकाणी लाकडाशिवाय उभी राहणारी वास्तू हाच व्यवहार्य मार्ग होता. म्हणून जेथे जमीन खणता येईल तेथे ती खणायची आणि जेवढा भाग बाहेर बांधावा लागेल त्यावर दगडांचे कमानदार छत घालायचे, ही पद्धत रूढ झाली.

हे छत व आतील हौद पक्के करण्यासाठीही राखच कामी आली. सँटोरिनीची राख चुन्यात मिसळली की त्या दोहोंची रासायनिक क्रिया होऊन पाण्याला दाद न देणारा टणक गिलावा तयार होतो. तो पाण्याखालीही घट्ट होतो. याच गुणामुळे एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी ही माती जहाजे भरभरून नेण्यात आली होती. बेटावरच्या शेतकऱ्याला या मातीचा उपयोग त्यापूर्वीच माहीत होता. त्याच्या कानाव्यातील रसाचा हौद याच गिलाव्याने लिंपलेला असे.

आतली व्यवस्था

बाहेरून पाहिले तर कानाव्याचे दर्शन अगदी साधे असते. एक सपाट भिंत, तिच्यात भरलेली पिंपे सहज आत-बाहेर करता येतील असे रुंद दुपाखी दार आणि वर उजेड व हवा यांसाठी ठेवलेले झरोके. आत पाऊल टाकताच मात्र लांब, अरुंद, कमानदार छताचे दालन अंधारात दूरवर गेलेले दिसते. दाराजवळचा भाग उजेडाचा. तेथे द्राक्षे तुडवण्याचे काम चाले. खोल आतल्या भागात पिंपांच्या रांगा.

द्राक्षे तुडवण्याच्या उथळ, चौकोनी ओट्याला 'पातितिरी' म्हणतात. त्याचा तळ एका बाजूला किंचित उतरता केलेला असतो. त्या उताराच्या टोकाशी असलेल्या पन्हळीतून रस खालच्या पातळीवरील हौदात पडतो. हा हौद म्हणजे 'लिनोस'. मोठ्या कानाव्यांत एकाहून अधिक पातितिरी असत, म्हणजे पांढरी द्राक्षे, काळी द्राक्षे व उन्हात वाळवलेली द्राक्षे यांची सरमिसळ होत नसे. काही कानावे उतारावर अशा बेताने कोरलेले आहेत, की वरचा रस्ता त्यांच्या छताच्या पातळीवर येतो. खेचरांच्या पाठीवरून आलेल्या टोपल्या छतातील एका भोकातून थेट पातितिरीवर रित्या करता येत. द्राक्षे वरून खाली पडणार, रस आणखी खाली वाहणार आणि शेवटी पिंपात जाणार. सारा प्रवास उताराचा. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर माणसाचे कष्ट वाचवणारी ही एक विचारपूर्वक केलेली मांडणी होती.

रस काढून झाल्यावर उरणारा चोथाही वाया जात नसे. तो आंबवून भट्टीवर चढवला जाई व त्यापासून 'त्सिकुदिया' हे कडक मद्य गाळले जाई. अनेक कानाव्यांत यासाठी तांब्याचे भांडे व चूल यांची सोय असे.

या वास्तूचा सर्वात मोठा गुण मात्र डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे तिच्यातील गारवा. राख व प्यूमिस यांच्या सूक्ष्म छिद्रांत हवा अडकून राहते आणि त्यामुळे उष्णता आत-बाहेर सहजी जात नाही. बाहेर ऑगस्टचे ऊन आग ओकत असो वा हिवाळ्यातले वारे घोंघावत असोत, आतील तपमानात फारसा फरक पडत नाही. वाइनला सर्वाधिक अपाय होतो तो तपमानाच्या चढउतारांमुळे. वीज आणि शीतयंत्रे यांचा पत्ताही नव्हता त्या काळात, ज्या बेटावर द्राक्षतोडणी ऐन उन्हाळ्यात म्हणजे ऑगस्टमध्येच होते, तेथे अशा वास्तूशिवाय वाइन टिकवणे कठीणच होते.

टोपलीतली वेल

कानाव्यात येणारे द्राक्षही तितकेच वेगळे. सँटोरिनीवर वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः हिवाळ्यात. उन्हाळाभर आभाळ कोरडे असते व वारा मात्र अखंड वाहत असतो. अशा ठिकाणी मांडवावर चढवलेली वेल टिकणार नाही. म्हणून येथील शेतकरी दरवर्षी छाटणी करताना वेलीच्या फांद्या एकमेकींत गुंफून जमिनीलगत तिची गोल टोपली करतो. तिला 'कुलुरा' म्हणतात. घड या टोपलीच्या आत वाढतात, त्यामुळे वाऱ्याने उडणारी वाळू आणि कडक ऊन यांपासून त्यांचा बचाव होतो. समुद्रावरून येणारा रात्रीचा दमटपणा सच्छिद्र प्यूमिस शोषून घेते आणि त्या ओलाव्यावर वेल तगते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने युरोपभरचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. मुळांवर जगणाऱ्या या किडीला सँटोरिनीच्या वालुकामय, चिकणमातीरहित जमिनीत थारा मिळाला नाही. त्यामुळे युरोपात इतरत्र अमेरिकन खुंटावर कलम करूनच द्राक्ष लावावे लागत असताना येथील वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. टोपली म्हातारी होऊन उत्पन्न घटले, की ती जमिनीलगत कापून टाकतात आणि जुन्याच मुळातून नवी वेल फुटते. वर दिसणारी वेल काही दशकांची असली, तरी खालचे मूळ त्याहून कितीतरी जुने असते.

असिर्तिको हा येथील प्रमुख वाण. कडक उन्हात पिकूनही आपला आंबटपणा टिकवून धरणे, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्या जोडीला आयदानी व अथिरी हे पांढरे आणि मांदिलारिया व मावरोत्रागानो हे काळे वाण आहेत. कानाव्यातील कामाची पद्धत यांवरूनच वाइनचे प्रकार ठरले. 'निख्तेरी' या वाइनचे नाव रात्रीवरून पडले आहे. दिवसाच्या उष्णतेपासून रस वाचवण्यासाठी तोडलेली द्राक्षे रातोरात तुडवण्याची पद्धत होती. याउलट 'ब्रुस्को'साठी कित्येक दिवसांची तोडणी कानाव्यात साठत जाई व मग एकदम तुडवली जाई. ही वाइन कडक, रांगडी व घरच्या वापराची.

सर्वात प्रतिष्ठेची वाइन म्हणजे 'विन्सांतो'. तिच्यासाठी द्राक्षे बारा-चौदा दिवस उन्हात पसरून वाळवली जातात. पाणी उडून गेल्याने गोडी एकवटलेली ती द्राक्षे तुडवून निघालेला दाट रस संथपणे आंबत राहतो व पुढे वर्षानुवर्षे लाकडी पिंपांत मुरतो. आजच्या नियमानुसारही विन्सांतोमध्ये किमान ५१ टक्के असिर्तिको असावे लागते आणि ती किमान २४ महिने पिंपात ठेवावी लागते.

पिंपांतून रशियापर्यंत

एकोणिसाव्या शतकात याच विन्सांतोने बेटाला वैभव मिळवून दिले. रशियातील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धार्मिक विधीसाठी गोड, लाल-तपकिरी वाइन लागे. ती गरज भागवण्यासाठी सँटोरिनीची शिडाची जहाजे विन्सांतोची पिंपे घेऊन काळ्या समुद्रातील ओडेसासारख्या बंदरांकडे जात आणि परतताना धान्य व लाकूड घेऊन येत. इया गावातील तांडेल श्रीमंत झाले. त्यांनी कड्याच्या माथ्यावर प्रशस्त वाडे बांधले. तर शेजारच्या फिनिकिया या शेतकऱ्यांच्या वस्तीत कानाव्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पिर्गोस, मेगालोहोरी, एक्सो गोनिया, मेसा गोनिया, व्होथोनास या गावांतही हेच दृश्य होते. मेसा गोनियातील रूसोस घराण्याचा कानावा १८३६ पासूनचा आहे. एखाद्या कुटुंबाची ऐपत त्याच्या घरावरून नव्हे, तर त्याच्या कानाव्यातील पिंपांवरून जोखावी, असे ते दिवस होते.

कानाव्यातून बंदरापर्यंतचा रस्ता मात्र खडतर होता. फिरा या मुख्य गावापासून जुन्या बंदरापर्यंत कड्यातून सुमारे सहाशे पायऱ्या उतराव्या लागतात. वाइन या वाटेने खेचरांच्या पाठीवरूनच खाली जाई.

१९१७ च्या रशियन राज्यक्रांतीनंतर ही बाजारपेठ एकाएकी बंद झाली. वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांचा धंदा आधीच हिरावून घेतला होता. कानावे चालू राहिले, पण त्यांतील वाइनला पूर्वीची मागणी उरली नाही. १९४७ मध्ये अथिनियोस बंदराच्या वर कड्यावर व्हेनेत्सानोस कुटुंबाने आधुनिक वाइननिर्मितीशाळा उभारली, तीही उतरत्या मजल्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या तत्त्वानेच चालणारी होती. कानाव्याचेच शहाणपण मोठ्या प्रमाणावर वापरण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल. त्याच वर्षी बेटावरील उत्पादकांच्या सहकारी संघाचीही स्थापना झाली.

भूकंप, स्थलांतर आणि पोलादी टाक्या

९ जुलै १९५६ रोजी पहाटे आमोर्गोस बेटाजवळ केंद्र असलेल्या साडेसातहून अधिक तीव्रतेच्या भूकंपाने सँटोरिनी हादरले. पन्नासहून अधिक माणसे दगावली, शेकडो घरे कोसळली. मेसा गोनियासारखे गाव जवळपास ओस पडले. सरकारने पुनर्बांधणी हाती घेतली. कोन्स्तान्तिनोस देकावालास या वास्तुविशारदाने नव्या घरांचे आराखडे करताना बेटाची पारंपरिक कमानदार शैलीच आधाराला घेतली. परंतु हजारो लोक अथेन्सकडे निघून गेले ते बहुतांशी परतले नाहीत. मागे राहिलेल्यांत मळ्याची निगा राखणारे हात कमी होते आणि अनेक कानाव्यांना कायमचे कुलूप लागले.

ज्या कानाव्यांना भूकंपाने हात लावला नव्हता, त्यांना पुढे तंत्रज्ञानाने निवृत्त केले. १९७१ मध्ये सँटोरिनीच्या वाइनला नामाधिकार मिळाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बूतारी या मोठ्या उत्पादक संस्थेने मेगालोहोरीजवळ आधुनिक निर्मितीशाळा उभारली व असिर्तिकोच्या ताज्या, तेजस्वी पांढऱ्या वाइनची जगाला ओळख करून दिली. अशा वाइनसाठी रस नियंत्रित, कमी तपमानावर आंबवावा लागतो. कानाव्याचा नैसर्गिक गारवा साठवणुकीस पुरेसा असला, तरी आंबताना निर्माण होणारी उष्णता हटवण्याइतका तो प्रभावी नाही. त्यातच पोलादाच्या टाक्या, दाबयंत्रे व गाळणयंत्रे बसवण्यास अरुंद दालनांत जागा नव्हती. लहान शेतकऱ्याला आपली द्राक्षे संघाला किंवा मोठ्या उत्पादकाला विकणे अधिक सोयीचे झाले. वाइन सुधारली, तिला जगभर मान मिळाला. पण ती बनवणारी घरगुती वास्तू मात्र रिकामी झाली.

रिकाम्या कानाव्यांचे नवे धनी

या रिकामपणाचा लाभ पर्यटनाने उठवला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ग्रीक पर्यटन संस्थेने इया येथील पडझड झालेली कोरीव घरे दुरुस्त करून पाहुण्यांच्या निवासासाठी खुली केली. प्रयोग यशस्वी झाला आणि पाहता पाहता खासगी मालकांनी तोच मार्ग धरला. विवराकडे तोंड असलेले कानावे हॉटेलांच्या खोल्या झाले. पिंपांच्या जागी पलंग आले. रसाच्या हौदांसाठी जी जागा शोभली असती, तेथे आता पोहण्याचे हौद दिसतात. काही हॉटेलांनी तर आपल्या नावातच 'कानावा' हा शब्द मिरवला आहे.

हे सारे वाईटच झाले, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वापरात नसलेली वास्तू ढासळते आणि दुरुस्तीला पैसा लागतो. तो पर्यटनाने पुरवला. शिवाय काही कानाव्यांना अधिक सुसंगत असे दुसरे आयुष्य लाभले. एक्सो गोनियातील १८६१ च्या एका जुन्या कानाव्यात कलादालन चालते व त्याच आवारात वाइनही तयार होते. व्होथोनास येथील कुत्सोयानोपुलोस वाइन संग्रहालय जमिनीखाली आठ मीटरांवर, सुमारे तीनशे मीटर लांबीच्या भुयारात वसले असून तेथे जुनी अवजारे, दाबयंत्रे व पिंपे पाहावयास मिळतात. मेगालोहोरीतील गावालास कुटुंबासारखे काही उत्पादक आजही आपल्या जुन्या कानाव्यातूनच कारभार पाहतात.

१९७८ च्या अध्यादेशाने ग्रीसमधील शेकडो वसाहतींना 'पारंपरिक' म्हणून संरक्षण दिले. अशा कायद्याने भिंतीचा रंग, छताचा आकार, दारे-खिडक्यांचे प्रमाण राखता येते. पातितिरीवर द्राक्षे यावीत, अशी सक्ती मात्र कोणताही कायदा करू शकत नाही. कानाव्याचा खरा प्रश्न येथेच आहे. त्याची भिंत वाचवणे सोपे आहे. ज्या मळ्यासाठी तो कोरला गेला, तो मळा वाचवणे कठीण.

आणि मळाच आज संकटात आहे. अवघ्या ७६ चौरस किलोमीटरांच्या या बेटावर सुमारे पंधरा हजार लोक राहतात, तर वर्षाला तीस लाखांहून अधिक पर्यटक येतात. जमिनीचे भाव असे चढले आहेत, की द्राक्षांपेक्षा खोल्यांचे पीक अनेक पटींनी किफायतशीर ठरते. जमिनीलगत वाकून टोपल्या गुंफण्याचे कष्टाचे काम करण्यास तरुण मिळत नाहीत. त्यातच पाऊस कमी होत चालला आहे. २०२३ व २०२४ या लागोपाठच्या हंगामांत दुष्काळ व उष्णता यांमुळे उत्पादन कमालीचे घटले. द्राक्षांचे भाव वाढले खरे. पण विकायला द्राक्षेच नसतील, तर वाढलेल्या भावाचा शेतकऱ्याला उपयोग काय?

२०२५ च्या जानेवारीअखेरीस व फेब्रुवारीत बेटाच्या परिसरात भूकंपाच्या हजारो धक्क्यांची मालिका सुरू झाली. अकरा हजारांहून अधिक लोक बेट सोडून तात्पुरते बाहेर गेले. हॉटेले, दुकाने व गल्ल्या निर्मनुष्य झाल्या. शास्त्रज्ञांनी पुढे या धक्क्यांचा संबंध भूगर्भातील तप्त शिलारसाच्या हालचालीशी जोडला. सुदैवाने मोठी हानी झाली नाही. मात्र पाहुण्यांवर विसंबलेली अर्थव्यवस्था काही दिवसांत कशी थंडावते, हे त्या आठवड्यांत स्पष्ट दिसले. छाटणीचा व टोपल्या गुंफण्याचा मोसम हिवाळ्याचाच असतो. धक्के बसत होते म्हणून वेलींची ती गरज टळणारी नव्हती.

स्फोटाच्या राखेतून घर, त्याच राखेतून गिलावा आणि त्याच राखेत रुजलेली वेल, असा एक संपूर्ण व्यवहार सँटोरिनीच्या माणसांनी उभा केला होता. कानावा हा त्या व्यवहारातील मधला दुवा. एका बाजूला मळा आणि दुसऱ्या बाजूला बाजारपेठ असेल, तरच या दुव्याला अर्थ उरतो. बाजारपेठ आज पुन्हा जोमात आहे. जगभरातील रसिक असिर्तिकोची बाटली मागत आहेत. दुसऱ्या बाजूची, म्हणजे जमिनीलगत वाढणाऱ्या त्या टोपल्यांची, हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. त्या टिकल्या, तर हॉटेल न झालेल्या कानाव्यांची दारे ऑगस्टमध्ये पुन्हा उघडत राहतील. त्या गेल्या, तर त्यांच्या भिंती कितीही शुभ्र राखल्या, तरी त्या भिंतींआड साठवण्यासारखे काही राहणार नाही.